तपासणी कोणती, कोणत्या दिवशी आणि आधी कोणाची?

मूल होण्यासंबंधीच्या तपासण्यांविषयी मराठवाड्यातून आलेली पत्रे या महिन्यात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि गावे दिलेली नाहीत. जिल्हा, वय आणि उत्तरासाठी लागणारा तेवढा तपशील ठेवला आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून याच भागात मी बरीच वर्षे ओपीडी चालवली. तेथे जे नेहमी दिसत असे, तेच या पत्रांतही दिसते: पत्नीच्या रिपोर्टांनी वायरची पिशवी गच्च भरलेली असते आणि पतीच्या नावाचा एकही कागद त्यात नसतो. म्हणून सुरुवात त्या विषयाच्या पत्राने करते.

प्रश्न : माझे वय २७ आहे. लग्नाला चार वर्षे झाली. रक्ताच्या तपासण्या दोनदा आणि सोनोग्राफी तीनदा झाली. पाळी नियमित आहे आणि रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता नळ्यांचा फोटो काढायला सांगितला आहे. माझे पती सळया तयार करण्याच्या कारखान्यात भट्टीजवळ काम करतात. त्यांची तपासणी करावी का, असे मी विचारले तर घरात वाद झाला. ‘आमच्या घराण्यात असला दोष नाही,’ असे सासूबाई म्हणतात. मी पुढची तपासणी करून घ्यावी का? (जालना)

उत्तर : नळ्यांचा फोटो, म्हणजे गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे, तूर्त थांबवा आणि आधी पतीची वीर्यतपासणी करून घ्या. मूल न होण्यामागे सुमारे ४० ते ५० टक्के जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, कधी एकट्याने तर कधी स्त्रीकडील कारणाच्या जोडीने. त्यामुळे ही तपासणी शेवटी नाही, तर सर्वांत आधी व्हायला हवी. तिला सुई लागत नाही, भूल लागत नाही, खर्च थोडा येतो आणि एका सकाळीत ती उरकते. याउलट तुम्हाला सांगितलेल्या तपासणीत वेदना आहेत आणि जंतुसंसर्गाची, थोडी का होईना, शक्यता आहे. साधी तपासणी बाजूला ठेवून त्रासाची तपासणी आधी करण्याला वैद्यकीय आधार नाही.

तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस शरीरसंबंध टाळायचा असतो. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरी घेतल्यास लॅबनेच दिलेल्या डबीत घ्यावा आणि आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत पोहोचवावा. थोडा नमुना सांडला असेल तर ते लाज न बाळगता सांगावे, कारण त्यामुळे आकडा कमी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या निकषांनुसार एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यांपैकी ४२ टक्क्यांत हालचाल आणि ४ टक्क्यांचा आकार योग्य असणे ही खालची मर्यादा मानतात. शेवटचा आकडा वाचून अनेक पुरुष घाबरतात, पण ज्यांच्या पत्नीला वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांच्या नमुन्यांवरूनच ही मर्यादा ठरवलेली आहे.

तुम्ही पतीच्या कामाचा उल्लेख केलात ते फार बरे झाले. वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी असावे लागते, तरच शुक्राणू नीट तयार होतात. रोज आठ-आठ तास भट्टीच्या धगीत उभे राहणाऱ्या कामगारांत यावर परिणाम होऊ शकतो, आणि कामाची जागा बदलल्यावर तो पुष्कळदा भरूनही निघतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तरी त्यावर शिक्का मारू नये. मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.

सासूबाईंना एवढेच सांगावेसे वाटते की शुक्राणूंची संख्या आणि पुरुषत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धडधाकट, कष्टाळू आणि संसारात कसलीही अडचण नसलेल्या पुरुषाचाही काउंट कमी असू शकतो. यात घराण्याचा कमीपणा नाही, आणि सुनेचा तर नाहीच नाही. घरात बोलणे अवघड होत असेल तर पुढच्या भेटीला पतीला सोबत घेऊन जा आणि हा विषय डॉक्टरांना काढू द्या.

प्रश्न : सूनबाईचे वय २१ आहे. लग्नाला सात महिने झाले, अजून काही नाही. शेजारपाजारच्या बाया विचारतात. कोणत्या तपासण्या कराव्यात? (धाराशिव)

उत्तर : आज कोणतीही नाही. तरुण, निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता सुमारे २० ते २५ टक्केच असते. वर्षभरात दहापैकी साधारण साडेआठ जोडप्यांना दिवस राहतात. म्हणून पस्तिशीच्या आत एक वर्ष वाट पाहावी, पस्तिशीनंतर सहा महिने, आणि चाळिशी ओलांडलेली असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे. पाळी अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पोटाचे मोठे ऑपरेशन किंवा टीबी झालेला असेल, तर ही मुदत लागू नाही. तोवर सूनबाईचे हिमोग्लोबिन पाहा आणि डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करा. शेजारणींना उत्तर देण्याचे काम मात्र तुम्ही स्वतःकडे घ्या. ते तिच्यावर सोडू नका.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ३४. पाळी २८-३० दिवसांनी येते. लग्नाला दीड वर्ष झाले. एएमएच (बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी) ०.९ आला आणि ‘बीजे संपत आली आहेत, या महिन्यातच टेस्ट ट्यूब बेबी करा,’ असे सांगण्यात आले. त्या दिवसापासून मला झोप नाही. पतीची तपासणी किंवा नळ्यांची तपासणी झालेली नाही. (लातूर)

उत्तर : तुमची झोप उडवणारे ते वाक्य एका आकड्यावर बेतलेले आहे, आणि तो आकडा काय सांगतो नि काय सांगत नाही हे तुम्हाला कोणी समजावलेले दिसत नाही.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजकोषांत ६० ते ७० लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी त्यांतली १० ते २० लाख उरतात आणि पाळी सुरू होताना तीन-चार लाख. नवीन बीज पुढे कधीच तयार होत नाही. शिल्लक कमी होत जाते. बीजकोषातील लहान पुटिका (ज्यांत बीज वाढते त्या बारीक पिशव्या) एएमएच हे संप्रेरक तयार करतात, म्हणून रक्तातील त्याच्या प्रमाणावरून शिल्लक साठ्याचा अंदाज येतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात इंजेक्शने दिल्यावर किती बीजे हाती लागतील, हे सांगायला तो आकडा चांगला आहे. पण नैसर्गिकरीत्या दिवस राहायला महिन्याला एकच बीज लागते, आणि ते बीज कसे आहे हे एएमएच सांगू शकत नाही. ते प्रामुख्याने वयावर अवलंबून असते. अमेरिकेत ३० ते ४४ वयाच्या ७५० स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एएमएच कमी असलेल्या स्त्रियांना दिवस राहण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा कमी आढळली नाही.

रिपोर्ट वाचताना एकक आवर्जून पाहा. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये तर काही पिकोमोलमध्ये आकडा देतात. मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे सुमारे सात पिकोमोल, त्यामुळे दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून घाबरणे किंवा आनंदणे दोन्ही व्यर्थ ठरते. तपासणीच्या आधीच्या महिन्यांत गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तरीही आकडा कमी येतो. या अंदाजाची खातरजमा पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत होते. तीत दोन्ही बीजकोषांतील लहान पुटिका मोजतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीचे एफएसएच (बीज वाढवणारे संप्रेरक) आणि इस्ट्रॅडिऑल (बीजकोषातून येणारे स्त्री-संप्रेरक) सोबत पाहावे. ही दोन्ही एकाच वेळच्या रक्तातून हवीत, कारण इस्ट्रॅडिऑल वाढलेले असेल तर एफएसएच खोटेच चांगले दिसते.

याचा अर्थ निवांत राहा असा मात्र मी घेत नाही. तुमचे वय ३४ आहे, दीड वर्ष गेले आहे आणि साठा कमी असण्याची शक्यता आहे. म्हणून वेळ दवडू नका, पण पायऱ्याही गाळू नका. पुढच्या एका पाळीच्या चक्रात पतीची वीर्यतपासणी, तुमची पुटिकांची सोनोग्राफी आणि नळ्यांची तपासणी हे सर्व सहज बसते. महिनाभराने हे कागद हाती घेऊन टेस्ट ट्यूब बेबीचा निर्णय घ्या. कदाचित तोच निर्णय योग्य ठरेल. पण तेव्हा तो कारण ठाऊक असलेला निर्णय असेल.

प्रश्न : वय २४, परभणी जिल्हा. पाळी ४० ते ४५ दिवसांनी येते. एकविसाव्या दिवशी रक्त तपासले, त्यात प्रोजेस्टेरॉन फार कमी आले. ‘बीज फुटतच नाही,’ असे सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : त्या रिपोर्टवरून तसे म्हणता येत नाही, कारण तपासणीचा दिवसच चुकला. बीज फुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि पुढची पाळी येण्याच्या सुमारे सात दिवस आधी ते सर्वाधिक असते. ज्यांची पाळी २८ दिवसांची, त्यांच्यासाठी तो एकविसावा दिवस. तुमची पाळी ४२ दिवसांनी येत असेल तर तो साधारण पस्तिसावा दिवस होतो. त्या दिवशी प्रमाण तीन नॅनोग्रॅमच्या वर आले तर बीज फुटले असे समजतात. एवढ्या अनियमित पाळीत दर आठवड्याला एकदा, असे पुढची पाळी येईपर्यंत तपासणे किंवा सोनोग्राफीत पुटिकेची वाढ पाहणे अधिक खात्रीचे. पुटिका १८ ते २२ मिलिमीटरची होऊन फुटलेली दिसली, तर वेगळा पुरावा लागत नाही.

पाळी लांबते आहे त्याचे कारण मात्र शोधायलाच हवे. थायरॉइडसाठी टीएसएच, तसेच प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) आणि रक्तातील साखर तपासा. प्रोलॅक्टिनचे रक्त उठल्याउठल्या देऊ नका. जागे होऊन दोन-तीन तास झालेले असावेत आणि थोडा वेळ शांत बसलेले असावे, कारण पहाटेची एसटी पकडून धावतपळत आलेल्या बाईचे प्रोलॅक्टिन तेवढ्यानेही चढते. पीसीओएसचे (संप्रेरकांच्या बिघाडाने बीज वेळेवर न फुटण्याच्या विकाराचे) निदान एकट्या सोनोग्राफीवर करू नये. पाळी लांबणे, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे किंवा रक्तातील वाढ, आणि सोनोग्राफीत पुष्कळ पुटिका, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागतात आणि थायरॉइड व प्रोलॅक्टिनचा दोष आधी वगळावा लागतो.

प्रश्न : माझे लग्न सख्ख्या मामेभावाशी झाले आहे. त्यामुळे दिवस राहत नसतील का? रक्ताच्या नात्यासाठी काही वेगळी तपासणी असते का? (हिंगोली)

उत्तर : नात्यातल्या लग्नामुळे दिवस राहत नाहीत, असे सहसा नसते, म्हणून तुमच्या तपासण्या इतर कोणत्याही जोडप्यासारख्याच होतील. नात्याचा संबंध बाळाच्या आजारांशी आहे. जन्मजात दोषाची शक्यता एरवी दोन-तीन टक्के असते, ती अशा जोडप्यांत साधारण दुप्पट होते. दोघांनी थॅलेसीमिया व सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठीची हिमोग्लोबिनची विशेष तपासणी आधीच करून घ्यावी, आणि घरात कोणाचे मूल लहानपणी दगावले असल्यास ते डॉक्टरांना सांगावे.

प्रश्न : वय २९. पतीची तपासणी चांगली आहे. मला एचएसजी (नळ्यांचा फोटो) करायची आहे. जावेने केली होती, ती म्हणते की जीव जायची वेळ येते. मला फार भीती वाटते. ही तपासणी टाळता येईल का? (नांदेड)

उत्तर : भीती वाटणे साहजिक आहे, आणि ‘काही दुखत नाही’ असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. पुढे काय घडणार हे आधी कोणी सांगितलेले असेल तर त्रास पुष्कळ सुसह्य होतो, असे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून थोडे तपशिलाने लिहिते.

ही तपासणी रक्तस्राव थांबल्यानंतर आणि बीज फुटण्यापूर्वी, म्हणजे साधारण पाळीच्या सहाव्या ते अकराव्या दिवसात करतात. त्या महिन्यात पाळी आल्यापासून संबंध टाळावा, म्हणजे गर्भ असण्याची शंका राहत नाही. अंगावरून वास येणारे पाणी जात असेल, ताप असेल किंवा ओटीपोट दुखत असेल तर तपासणी पुढे ढकलावी. आयोडीनची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे. डॉक्टरांना विचारून तासभर आधी दुखण्याची गोळी घ्यावी.

एक्स-रेच्या टेबलावर तुम्हाला पाय दुमडून झोपवतील. योनीमार्गात उपकरण घालून गर्भाशयाच्या तोंडात एक बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून एक्स-रेत पांढरे दिसणारे औषध हळूहळू सोडतात. पडद्यावर आधी एक उलटा पांढरा त्रिकोण भरत जातो, ते गर्भाशय. मग त्याच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून सुतासारख्या रेषा निघतात, टोकाशी थोड्या रुंदावतात, आणि औषध ओटीपोटात धुरासारखे पसरते. ते पसरले म्हणजे नळी मोकळी. कळ येते ती औषध आत शिरताना, पाळीच्या कळेसारखी पण जोराची, आणि बहुतेकींत काही मिनिटांत ओसरते. सगळे पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. औषध जोरात सोडले तर कळही जोरात येते, म्हणून ‘सावकाश सोडा’ असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तपासणी करणारी बाई असावी किंवा जवळ बाई असावी, असे वाटत असेल तर नाव नोंदवतानाच सांगा. नंतर दोन दिवस थोडा डाग लागू शकतो. पण ताप आला किंवा पोट वाढत्या प्रमाणात दुखू लागले तर त्याच दिवशी परत जा.

रिपोर्टात नळी गर्भाशयाजवळच बंद दिसत असेल, तर ती खरोखर बंद असेलच असे नाही. कळेमुळे तिथला स्नायू आवळला तरी औषध पुढे जात नाही. अशा रिपोर्टावरून ‘दोन्ही नळ्या बंद’ असा निर्वाळा मिळालेल्या आणि पुढे दुर्बिणीत नळ्या मोकळ्या निघालेल्या बाया मी पाहिल्या आहेत. नळी टोकाला बंद होऊन फुगलेली, पाणी साठलेली दिसली, तर तो दोष खरा असण्याची शक्यता अधिक असते आणि त्याचा उपचार टेस्ट ट्यूब बेबीच्या आधी करावा लागतो.

टाळता येईल का? सोनोग्राफीखाली सलाइन सोडून नळ्या पाहण्याची पद्धत आहे; तीत एक्स-रे नसतो आणि त्रासही थोडा कमी असतो, पण नळी नेमकी कुठे बंद आहे ते तितके स्पष्ट दिसत नाही. पाळीत आणि संबंधाच्या वेळी फार दुखत असेल, म्हणजे एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याची) शंका असेल, तर मात्र थेट दुर्बिणीतून तपासणी करणे योग्य. तीत पूर्ण भूल देतात, निळे औषध सोडून नळ्या पाहतात, आणि चिकटलेले भाग त्याच वेळी मोकळे करता येतात. अशी लक्षणे नसलेल्या स्त्रीला पहिलीच तपासणी म्हणून दुर्बीण सांगितली, तर कारण विचारा.

प्रश्न : आम्ही दोघे ऊसतोडीला जातो. माझे वय २६. लग्नाला सात वर्षे झाली, लेकरू नाही. लहानपणी मानेला गाठी आल्या होत्या, औषध अर्धवट राहिले. आता पाळी एकच दिवस जाते. फोटोत दोन्ही नळ्या बंद आल्या. रक्ताची टीबीची तपासणी केली, ती ‘पॉझिटिव्ह’ आहे म्हणतात. दुसऱ्या एका दवाखान्यात अंगावरून पांढरे जाते म्हणून पिशवीच काढायला सांगितली. दसऱ्यानंतर टोळी निघेल. काय करावे? (बीड)

उत्तर : पिशवी काढू नका. अंगावरून पांढरे जाणे हे गर्भाशय काढण्याचे कारण नाही, आणि मूल हवे असलेल्या २६ वर्षांच्या बाईला असा सल्ला देणे मला अक्षम्य वाटते. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. त्या आकड्यांत तुमची भर पडू नये.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी, म्हणजे मानेच्या गाठी, अर्धवट औषध आणि कमी झालेली पाळी, एकत्र ठेवल्या की गर्भाशयाच्या क्षयरोगाची दाट शंका येते. हा रोग बहुधा खोकला नसताना, तापही नसताना आत वाढतो, नळ्या बंद करतो आणि गर्भाशयाचे अस्तर खराब करतो. पण त्याचे निदान रक्तावरून होत नाही. रक्ताची ‘पॉझिटिव्ह’ तपासणी फार तर एवढे सांगते की टीबीच्या जंतूशी शरीराची कधीतरी गाठ पडली होती, आणि तसे आपल्याकडे असंख्य निरोगी माणसांतही आढळते.

त्यासाठी गर्भाशयाच्या अस्तराचा लहान तुकडा, पाळी येण्याच्या थोडे दिवस आधी, काढून तपासावा लागतो. येथे एक चूक वारंवार होते: सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणे, करता येत नाही. म्हणून तुकड्याचे दोन भाग करून एक फॉर्मेलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी यंत्रावरची तपासणी) व कल्चरसाठी पाठवायचा असतो. तुकडा काढण्यापूर्वी ‘सलाइनमधलाही नमुना पाठवाल ना?’ एवढे नक्की विचारा. सीबीनॅटचे उत्तर लवकर मिळते. कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. ही व्यवस्था तुम्हाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारता येईल; खाजगीत पैसे घालवण्यापूर्वी तेथे जा.

टीबी निघाला तर औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि ते साधारण सहा महिने चालते. औषधाने रोग बरा होतो, पण बंद झालेल्या नळ्या बहुधा उघडत नाहीत, हे तुमच्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. गर्भाशयाचे अस्तर किती शाबूत आहे यावर पुढचा मार्ग ठरेल. ते पाहण्यासाठी उपचारानंतर दुर्बिणीतून गर्भाशयाच्या आतली तपासणी करतात. अस्तर चांगले असेल तर टेस्ट ट्यूब बेबीने मूल होऊ शकते.

टोळीचे असे करा. पाळीची तारीख आज कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दसऱ्यापूर्वीच्या पाळीआधी तुकड्याची तपासणी करून घ्या. त्याच दिवशी पतीची वीर्यतपासणीही होऊन जाईल. मुकादमाची उचल घेतलेली असली तरी या तपासण्यांसाठी तो अडवू शकत नाही. औषध सुरू झाल्यावर कारखान्याच्या भागात जावे लागले, तर निघण्यापूर्वी आशाताईंना किंवा टीबीच्या केंद्रात तो तालुका सांगा. तुमची नोंद ‘निक्षय’ या टीबी रुग्णांच्या सरकारी प्रणालीत असते आणि ती तिकडच्या आरोग्य केंद्राकडे पाठवता येते, म्हणजे गोळ्या तेथेच मिळतील. फोटो, रक्ताचे रिपोर्ट आणि औषधाचे कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोपीवर (तोडीच्या झोपडीवर) सोबत न्या, गावी ठेवू नका.